खिडकीशी उभी यमुना

परवा तुळशीवृंदावनाला चुना लावला. त्या ओल्या, थंड वासासरशी मी राहुरीच्या आमच्या शाळेत जाऊन बसले. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. भिंतींना नुकताच चुना दिलेला होता.

इंग्रजीच्या तासाला मास्तरांचा एक नियम असे. जे करायचं, ते करता करता इंग्रजीतून मोठ्यानं सांगायचं. फळा पुसणारा ‘आय ॲम क्लीनिंग द बोर्ड’ म्हणतच पुसायचा. आम्हाला तो पोरखेळ वाटे.

त्या दिवशी आमच्या वर्गातल्या यमुनेचा नंबर होता. खिडकीशी उभं राहून बाहेर काय चाललंय ते सांगायचं.

“ए डॉग इज स्लीपिंग. ए मॅन इज कमिंग.” मग जरा थांबून, “माय फादर इज कमिंग.”

“व्हेरी गुड!” मास्तर खूश झाले.

तिचे वडील पायताण काढून दारात उभे राहिले. “गुर्जी, पोरीला न्यायला आलोय. पाव्हनं बघाया आल्यात.”

“तास तरी संपू द्या.”

“न्हाई जी, खोळंबल्यात समदी.”

यमुनेनं दप्तर उचललं. “आय ॲम टेकिंग माय बॅग,” ती नियमाप्रमाणे म्हणाली. उंबऱ्यावरून वळून म्हणाली, “आय ॲम गोइंग, सर.”

ती पुन्हा शाळेत आली नाही.

ती गेल्यावर मास्तर खिडकीपाशी गेले आणि रस्त्याकडे बघत राहिले. आता ते काय दिसतंय ते सांगतील, म्हणून आम्ही वाट बघत होतो. ते काहीच बोलले नाहीत. मास्तर स्वतःचाच नियम विसरले, असं वाटून आम्ही तोंडावर हात धरून हसलो.