खासगी संग्रहातलं मडकं

बँकेत माझं काम लोकांना त्रास देण्याचं आहे. खातं उघडायला आलेल्या माणसाला पैसा कुठून आला हे विचारायचं, आणि उत्तर पटेपर्यंत विचारत राहायचं. आमच्या शहरातल्या हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपरीवर जन्मभर नूडल्स विकलेल्या एका म्हातारीलाही मी ते विचारलं आहे. 'घरचेच आहेत' एवढ्यावर मी कुणाला सोडत नाही.

म्हणूनच, माझी मुलगी एका खासगी संग्रहालयातल्या ग्रीक भांड्यांच्या प्रदर्शनात गाइड म्हणून निवडली गेली आणि पाठ करायचा कागद घेऊन घरी आली, तेव्हा तो वाचून माझं डोकं फिरलं. मुख्य भांडं 'एका जुन्या युरोपीय कुटुंबाच्या संग्रहातून' आलेलं होतं. कुटुंब कोणतं, त्यांना ते कुणी दिलं, याबद्दल चकार शब्द नाही. या मडक्यांची वंशावळ नेहमी मधूनच सुरू होते. कुटुंब जुनं आणि युरोपातलं असलं, की पुढे कुणी विचारत नाही. नूडल्सवालीचं कुटुंबही जुनंच होतं.

मुलीला मात्र हे काम मनापासून हवं होतं. पुढच्या शाळेच्या प्रवेशात त्याचं वजन पडणार होतं. बिशानच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती आरशासमोर उभी राहून हातवारे करत सराव करायची.

तालमीला पालकांना बोलावलं होतं. मुलीनंच विचारलं, की हजारो वर्षांत हे मडकं फुटलं कसं नाही. प्रदर्शन मांडणाऱ्या क्युरेटरबाई खूश झाल्या. ते थडग्यात मेलेल्या माणसाशेजारी ठेवलेलं होतं, म्हणून शाबूत राहिलं, असं त्यांनी कौतुकानं सांगितलं.

"मग ते खणून कुणी काढलं?" मुलीनं विचारलं.

बाईंचं हसू जागचं हललं नाही. पाहुण्यांसमोर आपण त्यात शिरत नाही, असं त्या म्हणाल्या. मला राहवेना. असं उत्तर देणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दारातून परत पाठवतो, असं मी सुनावलं. त्यावर, वकिलांनी सगळं तपासलंय, सगळं नियमात आहे, असं मला समजावण्यात आलं. सगळं नियमात असल्याचं मला रोजच कुणी ना कुणी सांगतं. सूट जितका महाग, तितकं शांतपणे. मग बाईंनी माझ्याकडे नाही, मुलीकडे बघितलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, की ज्यांना हे जड जातंय त्यांच्या जागी यायला बरीच मुलं तयार आहेत. बारा वर्षांच्या पोरीला धमकी द्यायची ही किती सभ्य पद्धत! मला त्या बाईची किळस आली.

परतताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये मी मुलीशेजारी बसलो. तिचा प्रश्न बरोबर होता, असं मी म्हटलं.

"आय नो, बाबा," ती म्हणाली. "बट डोन्ट स्पॉइल इट, लाह. मला गाइड व्हायचंय."

घरी पोचल्यावर तिचा सराव ऐकायला मी आरशाशेजारी खुर्ची ओढून बसलो.

उद्घाटनाला मडक्याचा मालक पहिल्या रांगेत, हातात सरबताचा ग्लास घेऊन उभा होता. चेहरा असा, की जणू मडकं त्यानंच भाजलंय. मुलगी एकदाही अडखळली नाही. जुन्या युरोपीय कुटुंबापाशी ती पोचली, तेव्हा मागच्या एका म्हाताऱ्या पाहुण्यानं हात वर केला. त्या कुटुंबाच्या आधी हे कुणाकडे होतं, असं त्यानं सरळ विचारलं. मी दोन पावलं पुढे सरकलो. आता पोरगी काय बोलते, म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता.

ती क्षणभरही थांबली नाही. अगदी बाईंसारखं हसून म्हणाली, "ज्यांचं याच्यावर प्रेम होतं, अशाच माणसांकडे हे नेहमी राहिलं."

लोक वाहवा करत टाळ्या वाजवू लागले. मालकानं मान डोलावली. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिचा सराव ऐकून ऐकून तो कागद मलाही पाठ झाला होता, आणि हे वाक्य त्यात कुठेही नव्हतं.