मामाचा डावा बूट

बुटांच्या दुकानात खोक्यांची भिंत असते. त्या भिंतीच्या पोटातून आपल्या मापाचं खोकं ओढायचं नसतं, हे शहाण्या माणसाला सांगावं लागत नाही. मी ओढलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग अगदी वरचं एक खोकं, नीट विचार केल्यासारखं, पुढे झुकलं आणि त्याच्या पाठोपाठ सगळी भिंत खाली आली. झाकणं एकीकडे, खोकी दुसरीकडे, बूट तिसरीकडे. मी पोटऱ्यांपर्यंत बुटांत उभा होतो आणि माझ्या हातात मला हवं असलेलं खोकं होतं. रिकामं.

भाचीला तिथे सुट्टीपुरतं कामाला लावायचं म्हणून मी तिला घेऊन गेलो होतो. मालक माझ्या जुन्या ओळखीचे. पोरगी हुशार आहे, कामाला वाघ आहे, आणि मुख्य म्हणजे वस्तू जपून हाताळते, आमच्या घरातलं वळणच तसं, असं त्यांना सांगता सांगताच मी ते खोकं ओढलं होतं. जुन्या गिऱ्हाइकाला बोलता येत नाही, म्हणून मालकांनी भाचीकडे पाहिलं. भाचीने माझ्याकडे पाहिलं, बाह्या वर सारल्या आणि खाली बसली. नोकरी सुरू झाली.

तिला घरात सगळे टाचणी म्हणतात. अंगाने टाचणी आणि बोलण्यानेही टाचणीच. दिसत नाही, टोचल्यावर कळते. कॉलेजला सुट्टी लागली तशी तिच्या आईने, म्हणजे आमच्या ताईने, बेत जाहीर केला होता: सुट्टीभर आत्याकडे. आत्याला तीन पोरं, त्यातली दोन जुळी, आणि तिसरं त्या दोघांना पुरून उरणारं. मागच्या सुट्टीत टाचणी तिकडून परत आली ती एक भुवई अर्धी कापून घेऊन. ती झोपलेली असताना जुळ्यांनी न्हाव्याचा खेळ मांडला होता. या वेळी तिने काम मिळवते असं सांगितलं. ताई म्हणाली, मिळव. आठवडाभर टिकलीस तर इथे राहा, काढून टाकलं तर त्याच संध्याकाळी आत्याची गाडी. बॅग ताईने भरूनच ठेवली होती आणि ती टाचणीच्या खोलीच्या दारात, जाता-येता पायात येईल अशी उभी होती.

तर पहिल्या दिवशी टाचणी बुटांच्या ढिगाऱ्यात बसली होती आणि मी तिच्या डोक्यावर उभा राहून वरमल्या चेहऱ्याने एक जोड विकत घेत होतो. इतका गोंधळ घातल्यावर तसंच निघून जाणं बरं दिसेना. तपकिरी, नाडीचे, आठ नंबर. उजवा पाय घालून पाहिला, छान बसला. डावा कशाला घालायचा, तो काय वेगळ्या माणसाचा आहे? तिने ढिगाऱ्यातून डावा उचलला, उजव्याशेजारी ठेवला, खोकं बांधून दिलं. मी जवळजवळ पळालोच.

दुकानात एक जुना विक्रेता होता. सगळा जन्म गिऱ्हाइकांच्या पायांशी वाकण्यात गेला म्हणून त्याला गुडघेकाका म्हणत. टाचणीला जोड लावायला मदत करता करता त्याने तिला दुकानाची रीत समजावून दिली. गिऱ्हाईक रुसलं तरी मालक चालवून घेतात. दिवसभर एक चप्पल खपली नाही तरी चालवून घेतात. जोड फुटला तर नाही. एका नंबरचा डावा आणि दुसऱ्या नंबरचा उजवा असा जोड दाराबाहेर गेला की मागे राहिलेले दोघेही रंडके. ना विकता येत, ना टाकवत. आधीची मुलगी तशा एका जोडापायीच गेली. संध्याकाळी निघताना मालक सगळ्यांच्या पिशव्या बघतात, तेव्हा काही आत-बाहेर करायचं मनातही आणू नकोस.

टाचणी मान डोलावत होती आणि तिच्या हातात शेवटचे दोन बूट उरले होते. तपकिरी, नाडीचे. डावा आठ नंबरचा. उजवा सातचा.

तिला काय झालंय ते कळायला वेळ लागला नाही. मामा सातचा डावा घेऊन गेले होते. तिने दोन्ही बूट एका खोक्यात घातले, झाकण लावलं आणि खोकं भिंतीच्या अगदी तळाशी सरकवलं. तिथून ते माझ्यासारखा माणूसच काढू शकला असता.

आता मामांना खरं सांगून टाकायचं, यात अवघड काय, असं कुणालाही वाटेल. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही अशी माझी ख्याती आहे. मला दुपारी कळलं असतं तर ताईला चहाच्या वेळी कळलं असतं आणि जुळ्यांना रात्री. टाचणीला हे पुरतं ठाऊक होतं. त्यात आणखी एक कलम होतं. मी तो बूट घालून रस्त्यावर चार दिवस हिंडलो असतो तर तळ घासला असता, आणि घासलेला बूट नव्या खोक्यात कसा ठेवणार?

म्हणून ती संध्याकाळी घरी न जाता थेट आमच्याकडे आली. मी बूट घालून, जरासा लंगडत, फिरायला निघतच होतो. तिने मला दारातच अडवलं. नवे बूट पहिले काही दिवस घरातच, गालिच्यावर वापरायचे असतात, बुटांच्या धंद्यातलं हे पहिलं तत्त्व आहे, असं तिने सांगितलं. धंद्यात तिला जेमतेम एक दिवस झाला होता. पण मला तत्त्व म्हटलं की पटतं. मी मुकाट्याने आत वळलो.

त्यानंतर माझे दिवस गालिच्यावर गेले. सकाळी कपाट ते खिडकी, संध्याकाळी खिडकी ते कपाट. डाव्या पायाचा अंगठा ठणकत होता, टाचेला फोड आला होता. टाचणी रोज येऊन चौकशी करी, बूट उलटा करून तळ निरखून बघे, फडक्याने पुसे. केवढं हे प्रेम, असं मी हिला म्हणालो. ही म्हणाली, ती पायाकडे बघत नाही, बुटाकडे बघते. बायकांना संशय घ्यायची सवयच असते, असं म्हणून मी पुन्हा खिडकीकडे निघालो. बूट चावतोय अशी तक्रार मी टाचणीकडे केली तेव्हा तिने माझे दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवायला लावले, बराच वेळ गंभीरपणे पाहिले आणि निदान केलं की माझा डावा पाय मोठा आहे. पुष्कळांचा असतो, विचार करणाऱ्या माणसांचा जास्त. ही गोष्ट मी शेजारच्या डॉक्टरांना सांगितली. ते बराच वेळ खोकत राहिले.

इकडे दुकानात टाचणीचा एकेक दिवस काट्यावरून जात होता. मालक अधूनमधून उगाचच एखादं खोकं उघडून बघत. ते भिंतीच्या तळाकडे वाकले की टाचणी मध्येच जाऊन त्यांना काहीतरी विचारी. अशा वेळी जीभ ताळ्यावर राहत नाही. एका गृहस्थांनी मोज्यातून बाहेर आलेला अंगठा लपवत लपवत पाय पुढे केला, तर टाचणी म्हणाली, लाजू नका, त्यालाही बूट बघू द्या. गृहस्थ हसले म्हणून निभावलं.

आठवडा संपायच्या दिवशी, गर्दीत मालकांचं लक्ष नसतं म्हणून, तिने मामीला निरोप दिला की मामांना बूट घालूनच दुकानात पाठवा, मालक आठवण काढतात. मालकांनी माझी आठवण कोणत्या शब्दांत काढली असेल याचा विचार न करता मी गेलो, तोही शेजाऱ्याच्या गाडीतून, कारण तत्त्व. दुकानात गर्दी होती. टाचणीने मला स्टुलावर बसवलं, डावा बूट काढला, "जरा आत फिरवून आणते" म्हणाली आणि पडद्याआड गेली. तळाचं खोकं तिने सकाळीच आत नेऊन ठेवलं होतं. परत आली, चमच्याने टाच आत सरकवली, नाडी बांधली.

काय सांगू. पाय माहेरी आल्यासारखा वाटला.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी उठून उभा राहिलो आणि भर दुकानात मालकांना ऐकवलं की पोरीच्या हाताला गुण आहे, आठवडाभर चावणारा बूट आत नेला आणि बरा करून आणला. शेजारच्या स्टुलावरच्या एका जाडजूड बाईंनी लगेच आपला बूट काढून टाचणीच्या हातात दिला. मलाही करंगळीपाशी लागतो गं, जरा आत फिरवून आण.

टाचणी पांढरीफटक पडली. मालक पडद्याआड गेले. तीही बाईंचा बूट छातीशी धरून मागे गेली. आत मालक तपकिरी बुटांचं खोकं उघडून उभे होते. डावा सात, उजवा सात. त्यांनी डावा उलटा केला, तळावरून अंगठा फिरवला. गालिच्याचा एक लाल धागा निघाला. तो त्यांनी दिव्यासमोर धरून पाहिला. टाचणीला आत्याच्या घराची बेल ऐकू यायला लागली.

"जोड लागला?" मालकांनी विचारलं.

"लागला."

"मग झाकण लाव." धागा त्यांनी खिशात टाकला. "आणि त्या बाईंचा बूट असाच हातात धरून जरा वेळ उभी राहा. घाईघाईने बाहेर नेलास तर गुण येत नाही."

ती उभी राहिली. मग जसाच्या तसा बूट बाहेर नेऊन बाईंच्या पायात घातला. बाईंनी दोन पावलं टाकली आणि सगळ्यांना सांगितलं, बघा, केवढा फरक पडला. गुडघेकाका कपाटाकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. संध्याकाळी पिशवी बघताना मालक टाचणीला एवढंच म्हणाले की उद्यापासून दहा मिनिटं लवकर येत जा. ताईने बॅग माळ्यावर टाकली.

हे सगळं मला कळलं ते सुट्टी संपल्यावर. टाचणीने मामीला सांगितलं आणि मामीने मला, मध्ये मध्ये थांबून, डोळे पुसत. तोवर मोठ्या डाव्या पायाचा माणूस म्हणून मी ऑफिसात चांगलं नाव कमावलं होतं. टाचणी आली तशी मी तिला समोर बसवलं. म्हटलं, सख्खा मामा आठवडाभर गालिच्यावर लंगडत होता, टाचेला हा एवढा फोड, आणि तुला एकदाही माझी दया आली नाही?

ती म्हणाली, "मामा, फोड चार दिवसांचा होता, आत्याची पोरं सुट्टीभराची."