रुद्राणीचा फौजी गाडा

जिंतुरात मंडपवाली रुद्राणी कुठं राहते असं विचारलं, तर लोक घर सांगत नाहीत, गाडा सांगतात. "तो हिरवा फौजी गाडा उभा हाय ना, तिथंच." गाडा म्हणजे लष्करानं मोडीत काढलेला दोनचाकी ट्रेलर. पोलादी पेटी, भलीमोठी चाकं आणि पुढच्या दांडीच्या टोकाला मनगटाएवढी जाड लोखंडी कडी. त्याला ओढते एक जुनी जीप, आणि जीप चालवते स्वतः रुद्राणी. वय अठ्ठेचाळीस, अंगानं किरकोळ, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि हातात बहुतेक वेळा पाना. लोक तिला जरा वचकूनच असतात, आणि त्यात लोकांचं काही चुकत नाही. एखादी गोष्ट मनाला लागली की ती भांडत नाही, रडत नाही, गप्प बसते. त्या गप्प बसण्याची किंमत तिच्या दिराला विचारावी.

दिराचं नाव राजेश्वर. रुद्राणीचा नवरा शिवकुमार आणि हा, दोघे भाऊ मिळून मंडपाचा धंदा करत. चारठाण्याच्या मठात दर माघात शिवनाम सप्ताह बसतो आणि त्याचा मंडप तीन पिढ्या याच घराचा. मंडपाचा पहिला खांब म्हणजे मेढ. ती घरच्या माणसानं आपल्या गाडीतून वाजतगाजत न्यायची, मठात रोवायची आणि मगच बाकीचे पाइप उभे करायचे, असा मान. मेढ सागवानी. शिवकुमार दर वर्षी तिच्यावर एक पितळी पट्टी ठोकायचा. अशा एकोणीस पट्ट्या झाल्या आणि एका सकाळी छातीत कळ येऊन तो गेला.

महिनाही झाला नव्हता तोच राजेश्वरनं टेम्पो, पाइप, कनाती आणि मेढ, सगळं उचलून आपल्या गोदामात नेलं. रुद्राणीला एकच मुलगी, अनुपमा, परभणीला दिलेली. मठाच्या पंचांसमोर हा गृहस्थ उभा राहून म्हणाला, "पोरगं असतं तर गोष्ट येगळी हुती. बाईमाणसानं मेढ रोवल्याचं कुणी पायलंय का?" पंचांमधले थोरले मन्मथअप्पा जमिनीकडं बघत राहिले. सासू मल्लम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

टेम्पो गेला, कनाती गेल्या, त्याचं रुद्राणीला फारसं वाटलं नाही. मेढ गेली ते मात्र तिच्या काळजात रुतलं. बरं, ती नुसती परत मिळूनही आता भागणार नव्हतं. राजेश्वरनं ती त्याच मन्मथअप्पांसमोर, स्वतःच्या हातानं, मान खाली घालून तिला दिली पाहिजे, एवढीच एक इच्छा मनात धरून ती कामाला लागली.

पाटल्या मोडून तिनं जीप घेतली. नगरकडं लष्कराच्या लिलावातला माल विकणारा एक भंगारवाला होता, त्याच्याकडून हा ट्रेलर आणला. तो दारात उतरवला तेव्हा राजेश्वर चौकातल्या हॉटेलात बसून हसला. "वैनी आता लढाईला जायलीय वाटतं!" माणूस मूर्ख असला तरी कधीकधी खरं बोलून जातो.

गाडा आला खरा, पण जीपला जोडेना. कडी एवढी मोठी की कुठल्याच साध्या हूकात बसत नव्हती. जो तो म्हणे, कापून टाका. शेवटी कुणीतरी सेलूच्या आश्रुबांचं नाव सांगितलं. वीस वर्षं फौजेत गाडी चालवून आलेला माणूस. त्यांनी गाड्याभोवती दोन चकरा मारल्या, कडीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "कडीला हात लावायचा न्हाई, ताई. ही हूकात गोल फिरती. उद्या एक गाडी पलटली तर दुसरीला संगं न्हेत न्हाई. हूकच तसला करून घिऊ." त्यांनी सेलूच्या लेथवर जबड्यासारखा हूक घडवून घेतला, कडीच्या उंचीला उंची जुळवून जीपला चार बोल्टांनी बसवला, फौजी दिवे काढून जीपच्या बॅटरीवर चालतील असे लावले, दोन्ही बाजूंना साखळ्या दिल्या.

मग त्यांनी तिला मोकळ्या रस्त्यावर नेलं आणि गाड्यात मुद्दाम मागच्या बाजूला दगड भरले.

"दोन चाकाचा गाडा तराजूवानी असतोय, ताई. आस, म्हंजी चाकाचा दांडा, मधी हाय. वजन आसाच्या पुढं ठिवलं तर कडी हूकावर दाबून बसती. मागं टाकलं की कडी वर उचलती, अन् मंग गाडा गाडीला झुलवाय लागतोय. उतारावर त्येच्यात ब्रेक मारला, की संपलं."

बैलगाडीच्या चालीनं जाऊनसुद्धा स्टिअरिंग हातात हलकं हलकं झालं आणि जीपचं बूड डावीउजवीकडं ओढायला लागलं. रुद्राणीनं उतरून सगळे दगड स्वतः पुढं सरकवले. तो दिवस ती विसरली नाही.

चार वर्षांत तिनं तालुक्यात नाव काढलं. पाइप आसाच्या पुढं, कापड मागं, साखळ्या लावलेल्या, पिन घातलेली. लग्नं, बारशी, सभा, काय वाट्टेल ते. मठाचा मंडप तेवढा राजेश्वरचा. दर माघात त्याचा टेम्पो मेढ घेऊन तिच्या दारावरून वाजत जायचा, आणि तो नेमका तिथंच हॉर्न द्यायचा.

पाचव्या माघात, सप्ताह बसायच्या आदल्या दिवशी त्याच्या टेम्पोचा मागचा आस मोडला. लग्नसराईत दुसरी गाडी मिळेना. त्याची एक छोटी पिकअप होती, पण तिच्यात कनाती आणि भांडीच मावली. पाइपांचं आणि मेढीचं काय? याला स्वतः यायला तोंड नव्हतं, म्हणून त्यानं आईला पाठवलं.

"मठाचं काम हाय गं," मल्लम्मा म्हणाल्या. "अन् मेढ शिवकुमारचीच हाय."

"गाडा नेते की, आत्याबाई. माझी जीप ओढंल."

मल्लम्मा परत गेल्या आणि तासाभरात निरोप घेऊन आल्या. गाडा चालेल, जीप नको. मेढ राजेश्वरच्याच गाडीमागून जायची. म्हणजे माझं भांडं पाहिजे, पण माझा हात नको! रुद्राणीची कानशिलं तापली. तरीही ती म्हणाली, "बरं." सकाळी तिनं स्वतः जीपखाली घुसून चार बोल्ट काढले आणि हूक त्याच्या पिकअपला बसवून दिला. त्या वेळी तिच्या मनात काही वाईट नव्हतं असं म्हणायची कुणाची हिंमत असेल तर म्हणावं.

भरणी तिच्या अंगणातच झाली. मेढीचा एक नेम आहे. तिच्या अंगाला लोखंड लागता कामा नये. ती पुढं, एकटी ठेवायची, आणि घरातल्या थोरल्या बाईनं तिच्यावर हात ठेवून बसायचं. चार चाकांच्या टेम्पोत हा नेम बिनबोभाट पाळला जायचा. राजेश्वरनं इथंही तेच केलं. पुढं घोंगडी अंथरून मेढ आडवी ठेवली, तिच्याभोवती जागा मोकळी सोडली आणि लोखंडाचे सगळे पाइप मागं रचले. त्यांची टोकं चार हात बाहेर आली. कडी वर उचलायला लागली आणि पिकअपचं बूड दोन बोटं उंच झालं.

रुद्राणीनं ते पाहिलं. तिनं तोंड उघडलं.

"वैनी, गाडी भरायचं मला शिकवू नगा," राजेश्वर गड्यांसमोर म्हणाला. "तुमचा गाडा घेतलाय, तुमची अक्कल न्हाई."

गडी हसले. तिनं उघडलेलं तोंड मिटलं. आता जे व्हायचं ते होऊ दे, असं तिला अगदी थंडपणे, स्पष्ट वाटलं. पण तेवढ्यात मल्लम्मा एका गड्याचा हात धरून गाड्यात चढल्या आणि मेढीवर हात ठेवून बसल्या.

रुद्राणी पुढं झाली. "आत्याबाई, उतरा. ह्या गाड्याचे स्प्रिंगपाटे लय कडक हायेत, कंबर धरंल. माझ्या जीपमधी बसा. मेढीला चारठाण्यात हात लावा."

मल्लम्मांनी तिच्याकडं जरा रोखून पाहिलं आणि उतरल्या. मेढीला सोबत म्हणून मठाकडून आलेले मन्मथअप्पा जीपमध्ये मागं आधीच बसले होते. हलगी वाजली, राजेश्वरनं हॉर्न दिला आणि पिकअप निघाली. जीप तिच्या मागं.

सपाटीला काही झालं नाही. चारठाण्याच्या अलीकडं रस्ता उतरतो. तिथं गाड्याच्या मागं निघालेले पाइप हळूच डावीकडं गेले, मग उजवीकडं. मग जास्त. मन्मथअप्पा म्हणाले, "हे असं का डोलायलंय?" रुद्राणीनं गिअर खाली टाकला. ती जीपचा वेग कमी करून मागं राहिली. पुढं लाल दिवे लागले. राजेश्वरनं ब्रेक मारला होता.

गाड्यानं पिकअपला बुडाकडून हिसका दिला, ती रस्त्यावर आडवी झाली आणि हरभऱ्यात जाऊन कुशीवर पडली. कनाती उधळल्या, पातेली घरंगळत गेली, पाइप रस्ताभर पसरले. कडी हूकात गोल फिरली आणि फौजी गाडा दोन्ही चाकांवर जसाच्या तसा उभा राहिला. मेढ घोंगडीवरून इंचभर हलली नव्हती.

राजेश्वरला लोकांनी काचेतून बाहेर काढलं. कपाळ फुटलेलं, डावा हात कोपराखाली लोंबत होता. बांधावर बसून तो गाड्याकडं बघत राहिला, पाइपांकडं बघत राहिला, आणि त्याला कळलं.

"वैनी, तुमाला ठावं हुतं?"

तूच शिकवू नका म्हणालास, असं सांगायची सोय होती. तिनं ते सांगितलं नाही.

"हुतं," ती म्हणाली. "आता उठा. मेढ उचला अन् माझ्या जीपवर ठिवा. अप्पा बघायलेत."

त्यानं उजव्या हातानं आणि खांद्यानं, गड्यांचा आधार घेऊन मेढ उचलली. रक्त डोळ्यात उतरत होतं म्हणून त्याची मान खालीच होती. टपावरच्या कॅरियरवर तिनं चादर टाकून लाकडी फळी ठेवली होती. तिथं मेढ बसवली. लोखंड लागलं नाही. मेढ कशी न्यायची हे तिनं चार वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं. मग हूक सोडवून जीपला लावला, पाइप आसाच्या पुढं रचून घेतले. मन्मथअप्पा रस्त्याच्या कडेला उभे राहून म्हणाले, "रुद्राणी, मान तुझा. आमचंच चुकलं तवा." पाच वर्षं या शब्दांसाठी तिनं दात आवळले होते. ते ऐकताना तिला मनापासून आनंद झाला. तो लपवायची तिला गरज वाटली नाही.

राजेश्वरला रस्त्यानं जाणाऱ्या एका जीपवाल्यानं दवाखान्यात नेलं. मल्लम्मांनी त्याआधी पदरानं त्याचं कपाळ पुसलं होतं. तो रक्ताळलेला पदर मुठीत धरून त्या सुनेसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मला उतरवलंस," त्या म्हणाल्या. "त्याला न्हाई."

रुद्राणी खाली वाकून गाड्याच्या साखळ्या अडकवायला लागली.

त्या दिवशी मठात मेढ तिनं रोवली. विसावी पट्टी तिनं ठोकली; मधल्या चार वर्षांत राजेश्वरनं एकही ठोकली नव्हती. थोरल्या बाईनं मेढीला भस्म लावायचं आणि मग रोवणाऱ्याच्या कपाळी. मल्लम्मांनी मेढीला लावलं, बोटं पदराला पुसली आणि आत निघून गेल्या. रुद्राणी कपाळ पुढं करून तशीच उभी होती. लोकांनी ते पाहिलं.

राजेश्वरचा हात जुळला, थोडा वाकडा. मंडपाचा धंदा त्यानं सोडला. बायकांनी मेढ रोवावी की नाही, हा विषय चारठाण्यात परत निघाला नाही. पस्तावा होतो का, असं अनुपमानं आईला एकदा विचारलं. "न्हाई," रुद्राणी पाना पुसत म्हणाली, आणि ते खरं होतं. पाना जागेवर ठेवताना ती म्हणाली, "पर आत्याबाईनं परत माझ्या जीपमधी यायला पायजे हुतं."

दर माघात जीप राजेश्वरच्या दारासमोर थांबते. पुढच्या सीटवर घोंगडीची घडी घातलेली असते. रुद्राणी हॉर्न देत नाही, इंजिन चालू ठेवून थोडी वाट बघते आणि मग निघते. मल्लम्मा आदल्या दिवशीच एसटीनं चारठाण्याला गेलेल्या असतात.