कागदी कपातली कॉफी

करोनाची बंदी उठायला लागली तेव्हा आमच्या घरातून सगळ्यांत आधी सून बाहेर पडली. तंजावरातलं साड्यांचं दुकान उघडलं त्या दिवशीच. मग मुलगा कचेरीत जाऊ लागला, आणि कचेरीतून परस्पर लग्नं, बारशी, मित्राचं नवं घर. घरी आला की दारात बाटलीतलं औषध हातावर चोळायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचा, "अम्मा, मास्क कुठे आहे तुझा?" बाहेरून तो आलेला, मास्क मी लावायचा.

माझी बंदी उठली नाही. मला अक्काला भेटायचं होतं, एवढंच. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तिरुवैयारूला सून-मुलाकडे राहते. तिचे कान जाऊन बरीच वर्षं झाली. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखते, तेही मराठीच, आणि तेही माझंच नीट. तिच्या घरात आता सगळे तमिळ बोलतात, आमच्याही घरात. मुलांना मराठी समजतं, उत्तर तमिळमध्ये येतं. शाळेत मीही तमिळच शिकले, तीही पाच यत्ता. मराठी लिहायला वडिलांनी पाटीवर शिकवलं, म्हणून हे लिहिते आहे. तेव्हा बोलायला आम्ही दोघीच एकमेकींना उरलो होतो. फोन तिच्या काय कामाचा? एकदा तिच्या नातवाने फोनवर तिचं तोंड दाखवलं, तर ते मधेच थिजलं. ती फोटोतल्यासारखी बघत राहिली आणि मी उगाच बडबडत राहिले.

"पुढच्या आठवड्यात बघू," मुलगा म्हणायचा. "तुझं वय बघ."

"घरात बसून ते कमी होतंय का?"

"तुझ्याच भल्यासाठी सांगतो."

माझ्या भल्यासाठी म्हणून तो रविवारी कुंभकोणमला मुंजीचं जेवण जेवून आला.

एका सकाळी ते दोघे बाहेर गेल्यावर मी निघाले. टाउन बसला बायकांना तिकीट नसतं, त्यामुळे कोणापुढे हात पसरायचा नव्हता. पिशवीत अक्कासाठी नार्तंगाय घेतलं. लिंबाच्या जातीचं हे कडवट फळ मिठात मुरवून उन्हात कडक वाळवायचं, ताकभाताबरोबर खायचं. बंदीत दुसरं काम नव्हतं, बरणी भरून केलं होतं. बसमध्ये निम्म्यांचे मास्क हनुवटीवर होते. माझा नाकावर होता.

अक्काच्या दारात चपला पडलेल्या दिसल्या. पुष्कळ. बाहेर मोटार उभी. तिच्या नातीला बघायला मुलाकडची मंडळी तिरुच्चीहून आली होती. आतून हसण्याचा आवाज येत होता. अक्काची सून बाहेर आली ती जाळीच्या दारामागेच थांबली.

"मावशी, फोन तरी करायचा."

"केला असता तर नको म्हणाली असतीस."

"आत नको हं. अक्कांचं वय झालंय. तिण्णैवर बसा, वारा आहे तिथे."

तिण्णै म्हणजे दाराबाहेरचा ओटा. "आतल्यांना वारा नको का?" मी विचारलं.

"त्यांनी दोन्ही सुया घेतल्यात."

"मीही घेतल्यात."

"तुम्ही बसने आलात ना, मावशी."

"बरोबर. मोटारीत तो चढत नाही. त्याला बसचं तिकीट लागतं."

ती हसली नाही. नार्तंगायाची पिशवी तिने दोन बोटांत धरली आणि अंगणातल्या कठड्यावर उन्हात ठेवली. पंधरवडाभर उन्हात वाळलेलं फळ पुन्हा उन्हात. भांडले असते, पण अक्काला आणणं तिच्याच हातात होतं.

अक्काला खुर्चीवर जाळीच्या आत बसवलं. "मास्क कोणी काढायचा नाही," असं बजावून सून मंडळींकडे गेली. अक्का वाळली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, तिथे निळं कापड.

"काय म्हणतेस?" तिने विचारलं.

मी सांगितलं. मग ओरडून सांगितलं. समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. अक्का पुन्हा म्हणाली, "काय?"

मी मास्क खाली ओढला. "मी आले, म्हटलं. बरी आहेस का?"

तिचं तोंड उजळलं. मग तिने निरखून बघितलं. "पुढचा दात कुठाय?"

"विकला."

"काय आलं त्याचं?"

"काही नाही. खोटा निघाला."

ती हसायला लागली. तिनेही मास्क काढला. मग आम्ही बोललो. कोण गेलं, कोण वाचलं, शेजारचं घर कोणी घेतलं. मध्ये सुनेने मोलकरणीच्या हातून कॉफी पाठवली. आत पाहुण्यांना चांदीच्या टंबलरांत होती, दारातून दिसत होतं. मला कागदी कपात.

आमच्याकडे भांड्याला ओठ लागत नाहीत. कॉफी वरून तोंडात सोडायची. अक्काचं तर सोवळं इतकं कडक की ओठ लागलेला टंबलर ती चिंच-राखेने घासून पुन्हा घासायची. मला पोरपणी त्यावरून तिने चापट मारलेली आहे. पण कागदी कपाला टंबलरासारखा पसरट काठ नसतो, तो दाबला की वाकतो, गरम कॉफी अंगावर येते. मी ओठ लावून प्यायले. अक्का बघत होती. अर्धी संपल्यावर तिने जाळीचं दार किलकिलं करून हात बाहेर काढला.

"दे."

मला वाटलं, फेकून देणार. तिने कप आत घेतला आणि माझी उष्टी कॉफी ओठ लावून प्यायली. सगळी. मग म्हणाली, "साखर जास्त आहे."

नेमकी तेव्हाच सून आली.

ती ओरडली नाही. पाहुणे होते ना. तिने अक्काच्या हातातून कप काढला आणि तिला दंडाला धरून उठवलं. मी बसस्टॉपवर पोचायच्या आत माझ्या मुलाला फोन गेला होता. अक्काला मागच्या खोलीत वेगळं ठेवलं. ताट दारात ठेवायचे आणि निघून जायचे, म्हणजे दिवसभरात तिला एकही तोंड दिसत नव्हतं. त्याच दुपारी पाहुणे खांद्याला खांदा लावून केळीच्या पानावर जेवले. ताप कोणाला आला नाही. अक्कालाही नाही. तरी तिला लगेच बाहेर काढलं नाही आणि मला जाऊ दिलं नाही.

नातीचं लग्न ठरलं. तंजावरातच, मोठ्या मंडपात. मला न्यायला गाडी आली. माणसं इतकी की पंखे पुरेनात. मास्क फक्त वाढप्यांना होते. मी अक्काला शोधलं.

"घरीच ठेवलंय," तिची सून म्हणाली. तिच्या केसांत वीतभर गजरा होता. "एवढ्या गर्दीत त्यांना कसं आणणार? खबरदारी घ्यायलाच हवी ना, मावशी."

अक्षता पडल्या आणि मी मागच्या दाराने निघाले. पानावर बसले नाही. पिशवीत दोन लाडू टाकले आणि तिरुवैयारूची बस पकडली.

जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. अक्का आतल्या खुर्चीवर बसली होती, अंगावर लग्नासाठी घेतलेली नवी साडी. मला बघून तिने खुर्ची जाळीपर्यंत ओढली. मी तिण्णैवर बसले, मास्क काढून पिशवीत टाकला आणि लाडू जाळीतून आत जाईना म्हणून फोडून दिला.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "लग्न कसं झालं?"

"गर्दी होती," मी म्हटलं.