पाणी मुरतंय कुठं

‘आपोआप होतं’ असं कुणी म्हटलं की माझ्या कपाळावर आठी चढते. आपोआप काही होत नसतं. कुणीतरी करत असतं आणि ते आपल्याला दिसत नाही, एवढंच. म्हणून आमच्या सरांनी पुराचा जुना प्रोग्राम कॉम्प्युटरच्या नव्या भाषेत लिहायचं ठरवलं आणि आता कामाची वाटणी भाषाच करेल म्हणाले, तेव्हाच माझं त्या भाषेशी बिनसलं.

आमचं काम असं की सुरत शहराच्या नकाशावर कॉम्प्युटरमध्ये पाऊस पाडायचा आणि पाणी कुठं किती चढतं ते बघायचं. नकाशा एवढा मोठा की एका प्रोसेसरला दिवसच्या दिवस लागतात. मग त्याचे तुकडे करून पुष्कळ प्रोसेसरना वाटायचे. प्रत्येकानं आपला तुकडा सोडवायचा आणि कडेचं पाणी शेजारच्याला कळवायचं. जुन्या प्रोग्राममध्ये हे निरोप मी हातानं लिहिले होते. कुणी कुणाला काय द्यायचं, कुणी कधी थांबायचं. कटकट होतीच. कधी दोघं एकमेकांची वाट बघत बसायचे आणि सगळं ठप्प. पण भांडण कुणाचं कुणाशी आहे ते मला शोधता यायचं. नव्या भाषेत माझी पानंच्या पानं उडाली. आख्ख्या नकाशाचं काय करायचं ते एका ओळीत सांगा, तुकडे, वाटणी, निरोप सगळं ती बघणार म्हणे. बघणार! कुणी पाहिलंय तिला बघताना?

मला हे इतकं झोंबायचं कारण माझी आई. वडील खानदेशातून येऊन इथं कापडाच्या लूमवर होते. ते गेल्यापासून ती आमच्या जुन्या गल्लीत तळमजल्यावर एकटी राहते. गल्लीच्या मागून खाडी जाते, काळी, चिंध्या आणि साबणाचा फेस घेऊन. भाऊ शहराबाहेर कडोदऱ्याला दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि पावसाच्या आधी तिला न्यायला बघतो. ती ढिम्म हलत नाही. जुन्या प्रोग्रामनं आमच्या गल्लीत छातीभर पाणी दाखवलं होतं. ते मी सांगितलं तर तिला वाटलं, पोरं संगनमत करून घर सोडवायला बघतात. नवा प्रोग्राम होऊ दे, मग बघू, म्हणाली. संशय आमच्या रक्तातच आहे, कुणाला दोष द्यायचा?

नवा प्रोग्राम झाला आणि त्यात आमची गल्ली कोरडी निघाली. सर खूश. झरझर चालतोय, छोटासा आहे, आणखी काय हवं? थोडाफार फरक ‘चालशे’ म्हणाले. छातीभर पाणी म्हणजे थोडाफार? आईनं फोनवर विचारलं, “तुन्हं यंत्र काय म्हनस?” मी म्हटलं, कोरडं म्हणतंय, पण माझा विश्वास नाही. तिनं वाक्याचा पहिला भाग तेवढा ऐकला आणि शेजारणींना सांगून टाकला.

कुठंतरी पाणी मुरत होतं, अक्षरशः. माझी खात्री होती की भाषा कडेचा एखादा निरोप गिळतेय. मी तोच पाऊस एकाच प्रोसेसरवर पाडला, म्हणजे वाटणीच नको नि निरोपही नकोत. गल्ली कोरडीच. पुष्कळ प्रोसेसरवर पाडला, तरी कोरडीच. वाटणी चोख होती भाषाबाईची. मला आनंद व्हायला हवा होता. उलट रागच आला, की आता पकडायचं कुणाला?

उरला तो प्रोग्राम लिहिणारा माझा सहकारी. कोकणातला, रत्नागिरीकडचा, मला ताई म्हणतो. गुणी आहे, पण त्याच्या हसण्यावरही मला तेव्हा संशय यायला लागला होता. मी त्याला पडद्यासमोर बसवलं आणि विचारलं, आमच्या गल्लीमागचं पाणी जातं कुठं?

“ताई, खाडीचं पाणी ओहोटीला समुद्रात जाणारच ना?” तो म्हणाला.

“कुठल्या खाडीचं?”

त्यानं पडद्यावरच्या लांब रेघेवर बोट ठेवलं. जुन्या प्रोग्राममध्ये नकाशातल्या रेघांना नुसते आकडे होते. नव्यात वाचता येतील अशी नावं द्यायची म्हणून त्यानं मला या लांब रेघेचं नाव विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं, खाडी. त्याच्या गावची खाडी म्हणजे भरती-ओहोटी, होड्या, समुद्राचं दार. सुरतेत खाडी म्हणजे गावातून जाणारा ओढा. समुद्र राहिला कुठल्या कुठं. त्यानं आमच्या ओढ्याला समुद्राचं दार उघडून दिलं होतं. आणि मी तो शब्द पडद्यावर रोज वाचत होते, तर मला दिसायची आमचीच खाडी. दोघांना बोट दाखवायला जागा नव्हती, म्हणून आधी हसलो. मग त्यानं ते दार बंद केलं, प्रोग्राम पुन्हा चालवला, आणि माझं हसू गेलं. गल्लीत छातीभर पाणी होतं.

मी तशीच आईकडे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “भाऊनी शिकाडं ना तुले?” शब्दाचा घोळ तिला समजावला, तर म्हणाली, शब्द तुमचे, घर माझं. मला रडू आलं, चीडही आली. इतके दिवस मी त्या यंत्रावर जसा डोळा ठेवून होते, तशीच ती आता माझ्यावर ठेवून होती आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

ढग यायला लागले तसे मी चार कपडे घेतले आणि तिच्याकडे राहायला आले. तिला काही म्हटलं नाही. खाटेशेजारी जमिनीवर माझी चादर पसरत होते तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

“इतलं पानी खरंच येई?”

“हो.”

ती आत आली. मग फळीवरचा देव काढून पदरात घेतला.

“मंग तू कसाले मरस आठे? चाल, दोन्हीजनी जाऊत.”