बॉयलरच्या कपाटातला रस

इंग्लंडात बेसिंगस्टोकला आमच्या घरामागच्या ॲलॉटमेंटवर, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या भाजीच्या वाफ्यांवर, ऑक्टोबरात सगळे मिळून सफरचंदं पिळतात. कुणी परसातली आणतं, कुणी रस्त्याकडेच्या झाडांखाली पडलेली वेचून आणतं. त्या शनिवारी नवरा आपणहून म्हणाला, "चल, आपणही जाऊ." मला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. दारू सोडून त्याला अकरा महिने झाले होते, आणि दारूबरोबर मित्रही सुटले होते. वीकेंडला माणूस नुसता सोफ्यावर बसून असायचा.

तिथे मात्र गड्याने बाह्या सरसावल्या. फोडी यंत्रात चिरडायच्या, लगदा फडक्यात गुंडाळून प्रेसमध्ये रचायचा आणि दांडा फिरवायचा. तो दांडा काही याने दुसऱ्या कुणाला मिळू दिला नाही. चक्क हसत होता! बराचसा रस सायडरसाठी, म्हणजे सफरचंदाच्या दारूसाठी, पिंपात गेला. मी आमच्या वाट्याचा ताजाच मागून घेतला, दोन बाटल्या. "यात काही घातलं नाही ना?" असं तीनतीनदा विचारलं. प्रेसजवळच्या आजी म्हणाल्या, "नुसतं सफरचंद आहे. फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे झालं."

आता माझं शहाणपण ऐका. नवऱ्याला खोकला झाला. खोकल्यात गार प्यायचं नाही, हे माझ्या हाडीमासी भिनलेलं. एक बाटली आम्ही आधीच संपवली होती. दुसरी मी फ्रिजमधून काढून बॉयलरच्या कपाटात ठेवली, उबेला. इथल्या थंडीत इडलीचं पीठ मी तिथेच आंबवते. त्या पिठात तरी मी काय घालते? काही नाही! तरी ते फुगून डब्याबाहेर येतं, दर आठवड्याला, माझ्या डोळ्यांदेखत. पण या मठ्ठ डोक्यात काही प्रकाश पडला नाही. दारू व्हायला रसात काहीतरी घालावं लागतं, एवढीच माझी अक्कल. बाटली तिथेच आठवडाभर राहिली.

रस आणल्यापासून दुसऱ्या शनिवारी दुपारी बाहेरून आले, तर तो किचनमध्ये बसलेला आणि पुढ्यात रिकामी बाटली. मी बाटली उचलून हुंगली. दारूचा वास!

"पहिल्या घोटालाच कळलं," तो म्हणाला.

"मग ओतून का नाही दिलीस? मला फोन करायचास!"

"मला वाटलं, तू मुद्दामच ठेवलीयेस. म्हटलं, दमली बिचारी. आता तीही माझा नाद सोडतेय."

मी भांडले, रडले, मला खरंच माहीत नव्हतं रे, म्हणून त्याची शपथ घेतली. "असू दे गं," तो म्हणाला, आणि तेही मायेनं. मग उठून त्याने जाकीट घातलं. दारूचं दुकान कोपऱ्यावरच आहे. मी दारात आडवी उभी राहिले. त्याने माझे खांदे धरले आणि मला हलकेच बाजूला केलं.