हवालदार आणि फायबरचे पिस्तूल

हवालदार कागदी कपातला चहा घेत नसे. आर्वीच्या तहसील कचेरीसमोर माझे अर्जनविशीचे टेबल आहे, तेथे येताना तो स्वतःचा जड पितळी पेला आणी आणि चहावाल्याला दरडावी, "याच्यात टाक. कागदात च्या पेतेत काय माणसं?" इतका उर्मट मनुष्य माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

फौजेतून निवृत्त होऊन तो कापसाच्या एका जिनिंग कारखान्यावर पहारा करी. कमरेला पोलादी पिस्तूल. हलक्या वस्तूंचा त्याला तिटकारा. मला तो 'मुनशी' म्हणे आणि माझ्या अर्जांना 'रद्दी'.

पुढे जिनिंगमालकांनी फायबरच्या सांगाड्याचे नवे पिस्तूल घेतले आणि पहाऱ्यावर तेच बाळगावे, असे फर्मावले. त्याविरुद्ध अर्ज करण्यासाठी हवालदारास रद्दीवाल्याकडेच यावे लागले. या विषयावर माझे वाचन असल्यामुळे मी त्यास सुनावले, "नळी व वरचा सरकता भाग दोन्ही पिस्तुलांत पोलादीच असतात. खालचा सांगाडा तेवढा फायबरचा. तो गंजत नाही, कमरेला ओझे होत नाही."

"कमरेले हलकं, पण हातात उड्या मारते!" तो गरजला. "लोखंड गोळीचा धक्का सोताच खाते. हे सारा मनगटाले देते. तुले काय समजते, मुनशी? तू टाचणी चालव!"

अर्ज देण्यास मी सोबत गेलो. मालकांनी तो न वाचताच नवे, रिकामे पिस्तूल पुढे केले. "धरून तर पाहा."

हवालदाराने हात लांब केला. नळीचे टोक थरथरू लागले. तो आवरू पाही, तसतसे अधिकच. मग मालकांनी त्याचे जुने धरावयास सांगितले. ते जवळजवळ स्थिर राहिले. थरथर हाताचीच होती. पोलादाच्या वजनाखाली ती आजवर दबून होती.

"प्लास्टिकनं पकडलं बुढ्याले!" एक हमाल ओरडला.

"उद्यापासून आराम करा, काका," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. पेला आणला नव्हता. मी चहावाल्याला म्हटले, "यांना काचेचा जाड ग्लास दे."

"काऊन? मी बिमार दिसून राह्यलो काय तुले?" असे म्हणून त्याने माझ्यासमोरचा कागदी कप उचलला. अर्धा चहा माझ्या कागदांवर सांडला. उरलेला त्याने उभ्यानेच संपवला आणि निघून गेला, तो पुन्हा आला नाही.

फायबरचे पिस्तूलच सरस, हे माझे मत आजही कायम आहे. त्या दिवशी मात्र ते मी त्यास ऐकवले नाही.